आयुष्मान नंद : एका उदास राजपुत्राची जीवनकथा

भगवान बुद्धांच्या भिक्खू संघातील थोर स्थविरांची नावे आपल्या शाळेतील लहानातल्या लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. प्रज्ञेत अग्र सारिपुत्त, ऋद्धीत अग्र मोग्गल्लान, धुतांगधारी महाकाश्यप, बहुश्रुत आनंद. याच मालिकेत आणखी एक नाव आहे, पण ते क्वचितच उच्चारले जाते. इंद्रियांची द्वारे राखणाऱ्या भिक्खूंमध्ये अग्र म्हणून तथागतांनी ज्यांचा गौरव केला, ते नंद स्थविर. असा मान मिळवणारा पुरुष जन्मतःच शांत आणि विरक्त असला पाहिजे, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी स्वतःच नंदांचे वर्णन केले आहे. कुलीन, बलवान, देखणा आणि तीव्र रागाचा. येथे राग म्हणजे क्रोध नव्हे, आसक्ती होय. ज्याचे मन सर्वांत जास्त ओढाळ, त्यालाच मनाचा पहारेकरी म्हणून अग्रस्थान मिळाले. हे कसे घडले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नंदांचे चरित्र एका ठिकाणी सलग सापडत नाही. उदानातील एक सुत्त, निकायांमधील दोन लहान सुत्ते, विनयातील दोन प्रसंग आणि धम्मपदावरील अट्ठकथा ही पाली परंपरेची सामग्री. संस्कृतात साकेतच्या अश्वघोषांनी याच विषयावर सौंदरनंद हे अठरा सर्गांचे महाकाव्य रचले. ते दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळमध्ये त्याची हस्तलिखिते मिळाली आणि १९१० साली ते प्रसिद्ध झाले. या सर्व ग्रंथांतील तपशील एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. जुळवण्याचा हट्टही आपण धरू नये.

नंद हे राजा शुद्धोदन आणि महाप्रजापती गौतमी यांचे पुत्र, म्हणजे सिद्धार्थाचे सावत्र बंधू. सिद्धार्थाची माता महामाया पुत्रजन्मानंतर सातव्या दिवशी निवर्तली. अट्ठकथा सांगते की, तेव्हा गौतमीने आपले नवजात बाळ दाईच्या स्वाधीन केले आणि सिद्धार्थाला स्वतःचे दूध पाजले. हा तपशील वाचताना मन क्षणभर थबकते. गौतमीच्या थोरवीचे वर्णन आपण नेहमी करतो. त्या दाईच्या मांडीवरच्या बाळाचा विचार सहसा कोणी करीत नाही. मोठ्या भावाच्या सावलीत वाढणे म्हणजे काय, हे नंदाला पहिल्याच आठवड्यात अनुभवावे लागले, असे म्हटले तर ते फार वावगे ठरू नये. पुढे सिद्धार्थाने गृहत्याग केला आणि शुद्धोदनाच्या सर्व आशा या धाकट्या पुत्रावर येऊन ठेपल्या.

संबोधीनंतर तथागत प्रथमच कपिलवस्तूला आले, तेव्हा नंदाचा राज्याभिषेक, गृहप्रवेश आणि विवाह असा तिहेरी मंगल सोहळा ठरला होता. वधू शाक्यांमधील सर्वांत रूपवती कन्या. पाली ग्रंथ तिला जनपदकल्याणी म्हणतात, अश्वघोष तिला सुंदरी म्हणतात. अट्ठकथेच्या हिशोबाने नंद सिद्धार्थापेक्षा काही दिवसांनीच लहान, म्हणजे या वेळी पस्तिशीचा ठरतो. अश्वघोषांनी मात्र त्याला ऐन तारुण्यात रंगवले आहे. येथे कवीचेच ऐकावेसे वाटते.

अश्वघोषांच्या काव्यात तथागत भिक्षेसाठी भावाच्या दाराशी येतात. महालातील दासदासी धन्याच्या साजशृंगारात गुंतलेल्या असतात. कोणाचेच लक्ष जात नाही आणि तथागत रिकाम्या पात्राने परततात. एका दासीकडून हे कळताच नंद ओशाळतो आणि क्षमा मागायला निघतो. सुंदरीच्या चेहऱ्यावर तिने नुकतीच रेखलेली नक्षी ओली असते. ती सुकण्याआधी परत यायचे, या अटीवर ती त्याला जाऊ देते. पाली परंपरेत तथागत त्याच्या हाती आपले भिक्षापात्र देतात आणि काही न बोलता चालू लागतात. पात्र परत मागतील म्हणून नंद जिन्यापर्यंत जातो, मग अंगणापर्यंत, मग वेशीपर्यंत. थोरल्या भावाला, त्यातही बुद्धांना, पात्र घ्या असे सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही. मागे खिडकीत केस अर्धेच विंचरलेली वधू उभी असते. लवकर परत या, एवढेच ती सांगते.

नंद परतला नाही. निग्रोधारामात तथागतांनी त्याला प्रव्रज्या घेशील का, असे विचारले आणि केवळ आदरापोटी तो हो म्हणाला. अश्वघोषांचा नंद आधी नकार देतो, मग समजूत घातल्यावर मान तुकवतो. केस उतरवले जात असताना त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते.

या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे आणि या स्मरणिकेच्या पालक-वाचकांना ती विशेष जाणवेल. थोड्याच दिवसांत राहुलही श्रामणेर झाला. दोन्ही पुत्र गेले, आता नातूही गेला. वृद्ध शुद्धोदन तथागतांपुढे आला आणि त्याने आपले दुःख मांडले. सिद्धार्थ गेला तेव्हाचे दुःख, नंद गेला तेव्हाचे दुःख आणि राहुल गेल्यावरचे सर्वांत मोठे दुःख. अपत्यप्रेम कातडी कापीत, मांस कापीत, हाडाच्या मगजापर्यंत पोचते, असे त्याने सांगितले. यापुढे आईवडिलांच्या अनुमतीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, एवढीच त्याची मागणी होती. तथागतांनी ती मान्य केली. विनयातील तो नियम आजही पाळला जातो. एका पित्याचे रडणे संघाच्या घटनेत असे कायमचे नोंदले गेले आहे. नंदाच्या बाबतीत जे घडले ते योग्य होते काय, हा प्रश्न भाविक मनालाही पडतो. तो पडू नये असे मला वाटत नाही.

पुढील काळ श्रावस्तीतला. नंदाच्या अंगावर चीवर होते, हाती पात्र होते; मन मात्र कपिलवस्तूच्या त्या खिडकीपाशी होते. संयुत्त निकायात त्याचे एक चित्र येते. इस्त्रीसारखी घडी मोडलेले, चोपून गुळगुळीत केलेले चीवर, डोळ्यांत अंजन आणि हातात चकचकीत पात्र. अरण्यात राहावे, भिक्षेवर जगावे, चिंध्यांचे वस्त्र ल्यावे आणि कामसुखाची अपेक्षा सोडावी, हेच श्रद्धेने घर सोडलेल्याला शोभते, असे तथागतांनी त्याला तेव्हा समजावले. संस्कृत विनयाच्या परंपरेत याहून बोलकी कथा आहे. विहारात एकटा असताना नंद शिळेवर सुंदरीचे चित्र काढतो आणि ते न्याहाळत बसतो. हळूहळू त्याने जेवणाखाण्यातील, सहवासातील आणि साधनेतील सारा रस गमावला. अखेर त्याने सहभिक्खूंना सांगून टाकले की, या जीवनात मला गोडी उरलेली नाही, मी शिक्षा सोडून घरी जाणार.

आजच्या भाषेत याला काय म्हणावे? वैद्यकीय निदान करण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषाचे तर मुळीच नाही. परंतु लक्षणे ओळखीची आहेत. जे समोर आहे ते फिके पडते, जे समोर नाही ते अधिकाधिक झळझळीत होते आणि या दोहोंमधील अंतर जितके वाढते तितका माणूस खचतो. वसतिगृहात पहिल्यांदा आलेल्या मुलांचे काही आठवडे मी पाहिले आहेत. वर्गात डोळे उघडे असतात, पण मूल घरच्या ओसरीवर बसलेले असते. बहुतेकांचे हे ओसरते. एखाद्याचे ओसरत नाही आणि नुसते रागावून ते कधीच ओसरत नाही.

रागावण्याचा प्रयोग नंदावरही झाला. अश्वघोषांनी एका अनाम भिक्खूला पुढे आणले आहे. तो दोन सर्गभर नंदाला उपदेश करतो. स्त्रिया कशा फसव्या, देह कसा घाणेरडा, तारुण्य कसे क्षणभंगुर, असे सारे सांगून होते. नंदावर तिळमात्र परिणाम होत नाही. स्त्रीनिंदेचे ते श्लोक आजच्या वाचकाला बोचतात आणि बोचावेतच. परंतु ते कवीने एका अयशस्वी उपदेशकाच्या तोंडी घातले आहेत, हेही विसरू नये.

तथागतांनी वेगळाच मार्ग धरला. उदानातील कथा अशी की, त्यांनी नंदाचा हात धरला आणि त्याला त्रायस्त्रिंश देवलोकात नेले. पारव्याच्या पायांसारखे गुलाबी पाय असलेल्या पाचशे अप्सरा तेथे होत्या. या सुंदर की तुझी शाक्यकन्या, असे विचारताच नंदाने आपली वधू यांच्यापुढे नाक-कान तुटलेल्या माकडिणीसारखी असल्याचे कबूल केले. तू धम्मचर्या नीट कर, या अप्सरा तुला मिळतील, याला मी जामीन, असे तथागत म्हणाले. नंद उत्साहाने साधनेला लागला.

बुद्धिवादी धम्माचे संस्कार झालेल्या आपल्या पिढीला हा देवलोकाचा प्रवास पटत नाही. माकडिणीची उपमा तर मुळीच रुचत नाही. ज्या मुलीसाठी हा राजपुत्र झुरत होता तिला त्याने किती सहज टाकून दिले! पण कथेचे मर्म नेमके तेथेच असावे. नंदाचे प्रेम ज्या स्त्रीवर होते असे तो समजत होता, ती स्त्री त्याच्या मनात उरलीच नव्हती. उरले होते ते त्याने स्वतः रंगवलेले चित्र. त्याहून भडक चित्र समोर येताच पहिले पुसले गेले. आपली कल्पना किती स्वस्तात बदलते, हे तथागतांनी त्याला कल्पनेच्याच साहाय्याने दाखवले. देवलोक आकाशात होता की नंदाच्या मनात, हे वाचकाने आपापले ठरवावे.

बातमी संघात पसरली. भिक्खू त्याला भाडोत्री म्हणू लागले, मोल घेऊन विकला गेलेला म्हणू लागले. अप्सरांच्या मजुरीवर ब्रह्मचर्य पाळणारा! नंद लाजेने काळवंडला. दुसरे चित्रही आता डोळ्यांदेखत विटले. परतायला कपिलवस्तूही उरले नाही आणि वाट पाहायला स्वर्गही उरला नाही. तेथून पुढे त्याने जे केले, ते या चरित्राचा गाभा आहे.

तो एकांतात गेला. तेथे त्याने काय केले, याचे नेमके वर्णन अंगुत्तर निकायात आहे. त्यात चमत्कार नाही, गूढ असे काही नाही. पूर्वेकडे पाहायचे असेल तर संपूर्ण मन एकवटून, आपण पाहत आहोत या जाणिवेने पूर्वेकडे पाहायचे. पश्चिमेकडे, उत्तरेकडे, दक्षिणेकडे, वर, खाली आणि सभोवार पाहतानाही तसेच. अशा पाहण्यातून अभिध्या आणि दौर्मनस्य आत शिरत नाहीत. हे दोन शब्द थांबून वाचण्यासारखे आहेत. अभिध्या म्हणजे जे नाही त्याची लालसा आणि दौर्मनस्य म्हणजे खिन्नता. स्मृतिप्रस्थानाच्या उपदेशातही हे दोन शब्द नेहमी जोडीनेच येतात. ज्या दारातून मनोराज्य आत येते त्याच दारातून उदासी येते, हे ज्या कोणी प्रथम ओळखले त्याने मनुष्याचे मन फार जवळून पाहिले असले पाहिजे.

जेवणाबाबत नंदाने मात्रा सांभाळली. खाणे चैनीसाठी नव्हे, देह टिकावा आणि साधना चालावी एवढ्यासाठीच. दिवसा चंक्रमण आणि बैठक. रात्रीच्या पहिल्या प्रहरीही तेच. मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर, उठण्याची वेळ मनात धरून निद्रा. शेवटच्या प्रहरी पुन्हा जागरण. आपल्या शाळेचे वेळापत्रक ज्यांना जाचक वाटत असे, त्या माजी विद्यार्थ्यांनी हे जरूर वाचावे.

सर्वांत शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेदना उपजताना नंदाला कळत असे, टिकताना कळत असे, मावळताना कळत असे. संज्ञांचे तसेच आणि वितर्कांचेही तसेच. सुंदरीचा विचार येऊच नये, असा आटापिटा येथे नाही. विचार आला, आहे, गेला, एवढे ठाऊक असणे म्हणजे सम्यक स्मृती, पालीतील सती. ज्या मनाने शिळेवर चित्र काढले त्याच मनाला आता रेघ उमटताना दिसू लागली. उमटताना दिसलेल्या रेघेचे चित्र होत नाही. कल्पनाशक्ती मारावी लागली नाही. तिचा उगम आणि अस्त दिसू लागला, तेवढे पुरले.

आधुनिक मानसशास्त्र याच वाटेने बरेच उशिरा आले. सतत कल्पनाविश्वात रमणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास विल्सन आणि बार्बर या अमेरिकी संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात मांडला. अशी माणसे सगळीच दुःखी नसतात. कित्येक सर्जनशील आणि समाधानी असतात. हे आवर्जून सांगायला हवे, कारण स्वप्नाळू मुलाला आपण लगेच बिघडलेले ठरवतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून विचारले गेले की, या क्षणी तुम्ही काय करता आणि मन कोठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. भरकटलेल्या मनाची माणसे एकंदरीत कमी सुखी होती. नवल म्हणजे सुखद विचारांत रमलेली माणसेही हातातल्या कामात गुंतलेल्यांहून अधिक सुखी नव्हती. नंदाच्या अप्सरांची आठवण येथे अपरिहार्य आहे.

टीसडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी सहकाऱ्यांसह २००० साली केलेला प्रयोग याहून गंभीर आहे. नैराश्यातून बऱ्या झालेल्या १४५ व्यक्तींपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत सजगतेचे आठ आठवड्यांचे शिक्षण दिले गेले. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यातील पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. दोनदाच आजारी पडलेल्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. म्हणून ध्यान हा सर्व दुखण्यांवरचा रामबाण आहे, असे कोणी सांगू लागल्यास पालकांनी सावध राहावे. मूल खात नसेल, झोपत नसेल, जगण्याला विटले असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्यावे. आनापानाचा वर्ग त्यानंतरही चालू राहील. नंदालाही कोणी एकटे सोडले नव्हते. त्याचा हात धरणारे कोणी होते.

नंद अर्हत झाला. त्याच रात्रीच्या अखेरीस तो तथागतांकडे गेला आणि त्याने जामीनकीचा विषय काढला. पाचशे अप्सरांच्या वचनातून मी आपल्याला मुक्त करतो, असे त्याने सांगितले. तथागतांचे उत्तर असे होते की, तुझे चित्त आसवांतून मुक्त झाले त्याच क्षणी मीही त्या जामीनकीतून सुटलो. मोठ्या भावाने धाकट्याशी केलेला हा व्यवहार असा दोन्हीकडून फिटला. पाली वाङ्मयात यापेक्षा कोमल प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

यानंतरच्या नंद स्थविरांविषयी फारसे सांगितलेले नाही. ते अरण्यवासी झाले, पांसुकूल चीवर नेसू लागले. विनयात त्यांच्याविषयी एक गमतीदार नोंद आहे. ते दिसायला थेट तथागतांसारखे होते, उंचीला फक्त चार बोटे कमी. चीवरही ते तथागतांच्याच मापाचे वापरीत. दुरून त्यांना येताना पाहून वृद्ध भिक्खू तथागत आले म्हणून आसनावरून उठत आणि जवळ आल्यावर कुरकुरत. शेवटी चीवराच्या मापाचा नियम करावा लागला. ज्या भावाच्या सावलीत जन्म गेला, त्याच भावासारखे लोकांना दुरून भासावे, हा योग विलक्षण खरा.

सुंदरीचे पुढे काय झाले? सौंदरनंदाच्या शेवटच्या सर्गात तथागत नंदाला इतरांना धम्म सांगण्यास पाठवतात आणि तुझे पाहून तीही विरक्तीची वाट धरील, असे भाकीत करतात. काव्य तेथेच संपते. तिचे सुकलेले नक्षीकाम, तिचा सहाव्या सर्गातील आकांत, यांना कोणी उत्तर देत नाही.

ते उत्तर द्यायचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातल्या एका चित्रकाराने केला असावा. अजिंठ्याचे लेणे क्रमांक १६ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवून घेतले. तेथील भिंतीवर नंदाची कथा चितारलेली आहे. तिच्यातच मृत्युपंथाला लागलेली राजकन्या या नावाने जगभर गाजलेले चित्र आहे. पूर्वी तिला कोणी एक अनाम राजकन्या समजत. ती सुंदरी आहे, असे आता अभ्यासक मानतात. सेवक नंदाने उतरवलेला मुकुट घेऊन आला आहे. तिची मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत, बोटे लुळी पडली आहेत. एक दासी मागून आधार देते आहे, दुसरी तिच्या चेहऱ्याकडे काळजीने पाहते आहे. सहलीला गेलो तेव्हा आमच्यातील एका लहान मुलीने विचारले होते की, हिला कोणी ध्यान शिकवले नाही का. त्या अंधाऱ्या लेण्यात आम्ही सारे शिक्षक गप्प उभे होतो आणि मार्गदर्शकाचा विजेरीचा झोत पुढच्या भिंतीकडे सरकला होता.